प्रोस्टेटचे ऑपरेशन: बिलात नसलेला लघवीचा खर्च

प्रोस्टेटच्या कर्करोगाचे ऑपरेशन ठरले की घरात एकच प्रश्न फिरतो: किती लागतील? हॉस्पिटल एक आकडा सांगते, घरचे तेवढे पैसे जमवतात. त्या आकड्यात ऑपरेशननंतरचे वर्ष धरलेले नसते. लघवीच्या पिशव्या, पॅड, डायपर, पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या तपासण्या, यांतले काहीच त्या कागदावर नसते. हुबळी-धारवाडमध्ये राहत असाल तर पहिल्या तपासणीपासून वर्षभरापर्यंत कुठे जायचे, कोणते कागद न्यायचे आणि किती पैसे बाजूला ठेवायचे, ते इथे सांगितले आहे. खासगी दर ढोबळ आहेत. तुम्हाला सांगितलेला आकडा अवाच्या सवा आहे का, हे ओळखण्यापुरते ते वापरा.

तक्रार लघवीची, शंका कर्करोगाची

रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, धार बारीक झाली, सुरू व्हायला वेळ लागतो, उठल्यावरही थेंब गळतात. साठीनंतरच्या या तक्रारी बहुतेक वेळा प्रोस्टेट नुसती वाढल्यामुळे होतात. कर्करोग मात्र सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही. म्हणून धार बारीक झाली एवढ्यावरून घाबरू नका, आणि धार चांगली आहे म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली पीएसए ही रक्ताची तपासणी टाळू नका. लघवीतून रक्त आले किंवा पाठीच्या, कंबरेच्या हाडात न थांबणारे दुखणे असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

जाण्याआधी फुकटात होणारे एक काम करा. तीन दिवस वही ठेवा: किती वाजता लघवी झाली, किती मिली झाली, पाणी आणि चहा किती घेतला. मोजमापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग पुरतो. डॉक्टरांकडे सात प्रश्नांचा आयपीएसएस नावाचा तक्ता असतो, तोही भरून घ्या. ० ते ३५ गुण. ७ पर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० आणि वर तीव्र. हा कागद जपून ठेवा. ऑपरेशननंतर तुमची तुलना याच आकड्याशी करायची आहे, शेजारच्या काकांशी नव्हे.

पहिल्या फेरीत लघवीची साधी तपासणी, रक्तातली साखर, क्रिएटिनिन, पीएसए आणि पोटाची सोनोग्राफी. खासगीत सगळे मिळून साधारण अडीच ते चार हजार. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते’ हे मोजायला लिहून घ्या. ते राहिले तर पुन्हा पैसे भरावे लागतात. लघवीच्या धारेचा वेग मोजणारी युरोफ्लो तपासणी सांगितली असेल, तर मूत्राशय खरोखर भरल्यावरच आत जा. दीडशे मिलीपेक्षा कमी लघवी झाली तर त्या आलेखावर फारसा विसंबता येत नाही.

पीएसएच्या आकड्यात चार फसगती आहेत. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर आकडा वाढतो. उपचारानंतर सहा आठवडे थांबून तपासा. नुकतीच लघवीची नळी घातली असेल तरी वाढतो. आदल्या दोन दिवसांत वीर्यस्खलन किंवा लांबचे सायकलिंग टाळा. आणि फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही प्रोस्टेटची गोळी सहा महिने चालू असेल तर आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे कागदावरचा ३ हा खरा ६ असू शकतो. केस गळू नयेत म्हणून घेतलेल्या गोळीतही फिनास्टेराइड असते. डॉक्टरांनी विचारले नाही तरी तुम्ही सांगा.

दोन औषधांबद्दल सावध राहा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी वाढलेल्या प्रोस्टेटमध्ये लघवी पूर्ण तुंबू शकते. औषधाच्या दुकानात स्वतःहून मागून घेऊ नका. टॅमसुलोसिनने धार सुधारते, पण उठताना चक्कर येते. अंथरुणातून एकदम उठू नका. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर ही गोळी चालू असल्याचे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. जनऔषधी केंद्रात ती ब्रँडच्या गोळीपेक्षा बरीच स्वस्त मिळते. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागणे हा तुमचा हक्क आहे.

लघवी पूर्ण अडली, ओटीपोट फुगले, तर सकाळची वाट पाहू नका. विद्यानगरच्या सरकारी हॉस्पिटलचा तातडीचा विभाग रात्रीही चालू असतो. खासगीत नळी घालण्याचे साधारण हजार ते तीन हजार होतात.

पीएसए संशयास्पद निघाला की एमआरआय आणि बायॉप्सी. क्रम महत्त्वाचा: शक्य असेल तर एमआरआय आधी. बायॉप्सीनंतर आत रक्त साकळते, चित्र धूसर येते, आणि मग एमआरआयसाठी सहा-आठ आठवडे थांबावे लागते. एमआरआय साधारण आठ ते पंधरा हजार, बायॉप्सी दहा ते पंचवीस हजार. बायॉप्सीचा दर विचारताना पॅथॉलॉजीचा अहवाल त्यात आहे का, हे विचारा. अनेकदा तो वेगळा लावतात. नंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसते, ते चालते. थंडी वाजून ताप आला तर मात्र घरी गोळी घेत बसू नका, त्याच तासाला हॉस्पिटलात जा. अहवालाबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागून घ्या. दुसरे मत घ्यायचे ठरले तर हेच लागतात, आणि ते नसतील तर बायॉप्सी पुन्हा करण्याची वेळ येते.

कुठे जायचे

विद्यानगरचे किम्स, ज्याचे नाव आता केएमसीआरआय झाले आहे, हे सरकारी मेडिकल कॉलेज १९५७ पासून आहे. खर्च सर्वांत कमी, वेळ सर्वांत जास्त. सकाळी लवकर पोहोचा. केसपेपर, तपासणी आणि अहवाल यांत दोन-तीन फेऱ्या धरून चला. नवनगरची कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूट फक्त कर्करोगासाठी आहे. किरणोपचाराचा पर्याय समजून घ्यायचा असेल तर तिथे जा. सत्तूरचे एसडीएम हे खासगी मेडिकल कॉलेजचे हॉस्पिटल आहे. ही तिन्ही ठिकाणे हुबळी-धारवाडच्या चिगरी बसच्या मार्गावर येतात. हुबळीत एचसीजी एनएमआर हे खासगी कर्करोग केंद्र आहे. बेळगावचे केएलई संस्थेचे डॉ. प्रभाकर कोरे हॉस्पिटल हुबळीहून साधारण शंभर किलोमीटरवर. त्यापुढे बेंगळूरुचे किडवाई आणि मुंबईचे टाटा मेमोरियल.

हॉस्पिटलच्या इमारतीपेक्षा सर्जन महत्त्वाचा. कर्करोगासाठी अख्खी प्रोस्टेट काढण्याची किती ऑपरेशने गेल्या वर्षभरात केली? त्यांतल्या किती जणांना वर्षानंतर पॅड लागत नाही? माझ्या बाबतीत नसा वाचवता येतील का? नळी काढल्यानंतर गळती राहिली तर कोण पाहणार, तुम्ही की दुसरे कोणी? हे प्रश्न लिहून न्या आणि उत्तरे तिथेच लिहून घ्या. चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही.

आणखी एक प्रश्न तितकाच गरजेचा: ऑपरेशन आत्ता करायलाच हवे का? ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर झालेल्या प्रोटेक्ट अभ्यासात निगराणी (म्हणजे नुसते लक्ष ठेवणे), ऑपरेशन आणि किरणोपचार असे तीन गट केले होते. रोग ग्रंथीपुरताच असलेल्या या पुरुषांत पंधरा वर्षांनी प्रोस्टेटच्या कर्करोगाने झालेले मृत्यू तिन्ही गटांत दोन ते तीन टक्क्यांच्या आसपासच होते. लघवीच्या बाबतीत मात्र फरक मोठा होता. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. किरणोपचारात सहा वर्षांनी ४ टक्के, निगराणीत ८. तुमचा रोग अधिक आक्रमक असेल तर हे गणित बदलते, पण सौम्य असेल तर आठवडाभर विचार करायला वेळ निश्चित आहे. “उद्याच भरती व्हा” असे कोणी म्हणाले तर कारण विचारा. बायॉप्सीनंतर सूज उतरावी म्हणून सहा ते आठ आठवडे थांबण्याची पद्धतच आहे.

आधी कार्ड, मग भरती

आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक ही राज्याची योजना आहे. बीपीएल शिधापत्रिका असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. एपीएल असाल तर पॅकेजच्या दराच्या ३० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख. इथे फसू नका: ३० टक्के योजनेच्या ठरलेल्या दराचे मिळतात, तुमच्या बिलाचे नव्हे. बिल तीन लाख आणि पॅकेज एक लाखाचे असेल तर हाती तीस हजार येतात.

कागद हे: रुग्णाचे आधार, शिधापत्रिका, आधारला जोडलेला मोबाइल, बायॉप्सीचा अहवाल, एमआरआय आणि सरकारी हॉस्पिटलचे संदर्भपत्र. हे पत्र नसेल तर खासगी हॉस्पिटलात योजना अडते. तातडीची स्थिती सोडली तर आधी धारवाडचे जिल्हा रुग्णालय किंवा केएमसीआरआय, तिथून पत्र, मग खासगी, असाच क्रम ठेवा. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि मूळ प्रती एका फाईलमध्ये.

मराठी कुटुंबांची हमखास अडचण नावात येते. आधारवर आडनाव पूर्ण, शिधापत्रिकेवर कन्नडमध्ये नाव आणि आद्याक्षर, पेन्शनच्या कागदावर तिसरेच. संगणकाला ही तीन माणसे वाटतात. ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच नाव जुळवून घ्या; भरती झाल्यावर मुलाने कचेऱ्यांच्या चकरा मारण्यात अर्थ नाही.

योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचे टेबल असते. डॉक्टरांच्या खोलीतून थेट बिलिंगला न जाता आधी तिथे जा. हे ऑपरेशन या हॉस्पिटलात पॅकेजमध्ये आहे का, मंजुरी आली का, घरी गेल्यावर नळी काढण्याचे पैसे लागतील का, हे विचारा. आयुष्मान भारतच्या नियमात सुट्टीनंतरच्या १५ दिवसांचा खर्च धरलेला असतो, आणि नळी बहुधा त्याच मुदतीत निघते. “आधी भरती व्हा, कार्डाचे नंतर बघू” हे वाक्य ऐकले की थांबा. मंजुरी भरतीआधी घ्यायची असते. पैसे मागितले तर पावती मागा, आणि १४५५५ किंवा राज्याच्या १०४ क्रमांकावर तक्रार करा.

नातेवाईक बेळगाव, खानापूर, हल्याळ, कारवारकडचे असतील तर त्यांच्यासाठी आणखी एक दार आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. हुबळी-धारवाड त्या यादीत येत नाही. गाव यादीत असेल तर कोल्हापूर किंवा सांगलीच्या योजनेतल्या हॉस्पिटलात आधी फोन करून कोणते कागद चालतील ते विचारा, मगच निघा.

रेल्वेतून निवृत्त झालेले असाल तर सुरुवात रेल्वेच्या स्वतःच्या हॉस्पिटलातून करा. तिथल्या पत्राशिवाय बाहेर केलेला खर्च परत मिळवणे कठीण जाते. सहकारी संस्थेचे सभासद असाल तर यशस्विनी योजनेत तुमची नोंदणी चालू वर्षाची आहे का पाहा. खासगी विमा असेल तर खोलीभाड्याची मर्यादा शोधा. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली की बऱ्याच पॉलिसीत फक्त भाड्यातला फरकच नव्हे, तर सर्जनच्या फीपासून बाकीचेही त्या प्रमाणात कापतात. डायपर विम्यात मिळत नाहीत. लघवीची पिशवी मात्र उपचाराच्या खर्चातच धरायची असते. ती वेगळी लावली असेल तर हरकत घ्या.

ऑपरेशनचा आकडा

“दुर्बिणीने प्रोस्टेट काढतो” असे सांगितले तर नेमके कोणते ऑपरेशन, हे विचारा. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी लघवीच्या मार्गातून आतला भाग खरवडतात, ते टीयूआरपी. कर्करोगात अख्खी ग्रंथी आणि शुक्राशय काढतात. दोन्हींचा खर्च, नळीचे दिवस आणि गळतीची शक्यता फार वेगळी. दराची तुलना करताना हीच चूक सर्वांत जास्त होते.

खासगीत कर्करोगाचे उघडे किंवा लॅपरोस्कोपीचे ऑपरेशन साधारण दीड ते तीन लाख, रोबोटने तीन ते सहा लाख. रोबोटने रक्त कमी जाते आणि घरी लवकर येता येते. पण लघवीवरचा ताबा हमखास चांगला राहतो, असे कोणी सांगितले तर ते पैशांसाठी आहे असे समजा. ब्रिस्बेनमध्ये ३२६ पुरुषांवर उघड्या आणि रोबोटच्या ऑपरेशनची तुलना झाली. बारा आठवड्यांनी आणि पुढे दोन वर्षांनीही लघवीच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच निघाले. अनुभवी हातांनी उघडे ऑपरेशन करून घेऊन वाचलेले दोन लाख पुढच्या उपचारांसाठी ठेवणे मला शहाणपणाचे वाटते. घर किंवा शेत गहाण टाकून रोबोट घेऊ नका.

अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात पुढच्या गोष्टी आहेत का, ते बोट ठेवून विचारा: भूलतज्ज्ञाची फी, रोबोटची किंवा लॅपरोस्कोपीची एकदाच वापरायची साधने, ऑपरेशन थिएटरमधली औषधे, रक्ताची सोय, एक दिवस आयसीयू, काढलेल्या ग्रंथीचा पॅथॉलॉजी अहवाल, नळी काढणे, पहिली फेरतपासणी. खोली दिवसाला ५,००० रुपयांहून महाग असेल तर त्यावर जीएसटीही लागतो. काही ठिकाणी खोलीचा वर्ग वाढला की प्रत्येक सेवेचा दर वाढतो. जनरल वॉर्डातही सर्जन तोच असतो.

संमतिपत्र बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असते. समजले नसेल तर समजेल अशा भाषेत वाचून दाखवायला सांगा. त्यात लघवीच्या गळतीचा उल्लेख असतोच. तो तुम्हाला टेबलावर झोपण्याच्या दहा मिनिटे आधी कळता कामा नये.

नळीचे सात ते चौदा दिवस

घरी येताना नळी असते. मूत्राशय आणि मूत्रमार्ग यांचा नवा शिवलेला जोड तिच्यावर भरून येत असतो. म्हणून ती ओढली जाऊ नये; मांडीला पट्टीने चिकटवलेली ठेवा. पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीवर टेकलेली नको. दिवसा मांडीला बांधायची छोटी, रात्री दोन लिटरची. पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा, हात आधी आणि नंतर धुवा. पाणी दिवसाला दोन ते अडीच लिटर, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढेच.

लघवी गुलाबी दिसणे, नळीच्या कडेने थोडी गळणे, मधूनच जोराची कळ येणे हे घडते. दोन तास पिशवीत काहीच न येणे, रक्ताच्या गाठी, ताप, यांपैकी काही झाले की लगेच हॉस्पिटल. आणि सर्वांत महत्त्वाचे: नळी निसटून बाहेर आली तर गल्लीतल्या कंपाउंडरकडून किंवा घरी येणाऱ्या नर्सकडून पुन्हा घालून घेऊ नका. अंदाजाने घातलेली नळी तो ताजा जोड फाडू शकते. थेट ज्यांनी ऑपरेशन केले त्यांच्याकडे जा. त्यांचा रात्रीचा फोन नंबर सुट्टीच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय हॉस्पिटल सोडू नका.

पिशव्यांच्या पाकिटावरची एमआरपी पाहून दचकू नका. ती बरीच फुगवलेली असते. हॉस्पिटलच्या आतल्या दुकानात पिशवी त्याच दराने मिळते, बाहेरच्या घाऊक सर्जिकल दुकानात बऱ्याचदा त्याहून कमी. तीन पिशव्या पुरतात, डझनभर घेऊ नका.

नळी काढायची तारीख सकाळची घ्या. काढल्यावर दोन वेळा नीट लघवी होईपर्यंत हॉस्पिटलच्या आवारातच थांबा. घरी पोहोचल्यावर अडली तर सगळे पुन्हा. त्या दिवशी सोबत चार पॅड, दोन अंतर्वस्त्रे आणि गडद रंगाची पँट न्या. हे कोणी सांगत नाही, आणि मग साठी-सत्तरीचा माणूस ओल्या कपड्यांनी बसमध्ये उभा राहतो.

पॅडचे महिने

खोकला, शिंक, खुर्चीतून उठणे, बादली उचलणे, आणि लघवी सुटते. सकाळी कमी, संध्याकाळी थकल्यावर जास्त. रात्र बहुधा सर्वांत आधी कोरडी होते. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत वेगाने होते, पुढे वर्षापर्यंत हळूहळू चालू राहते. दुसऱ्या महिन्यात ओले असणे म्हणजे ऑपरेशन बिघडले असे नव्हे.

सुरुवातीला दिवसाला चार-पाच पॅड किंवा डायपर, एक तीस ते साठ रुपयांना. महिन्याला चार ते नऊ हजार. तीन महिन्यांनी दिवसाला एक-दोनवर येतात. वर्षासाठी पंचवीस ते चाळीस हजार वेगळे ठेवा. लवकर कोरडे झालात तर उरतील. पँटसारखा घालायचा डायपर महाग असतो; तो रात्री आणि प्रवासात वापरा. घरात घट्ट अंतर्वस्त्रात बसणारा पुरुषांचा पॅड पुरे. तो मिळाला नाही तर थोड्या गळतीसाठी बायकांचे सॅनिटरी पॅडही चालते, आणि बरेच जण तेच वापरतात. सुरुवातीलाच महिन्याचा साठा करू नका. माप आणि गरज दोन्ही दर पंधरवड्याला बदलतात. सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. पाकिटावर जुनी किंमत असेल तर दुकानदाराला विचारा.

गादीवर मेणकापड, त्यावर सुती चादर. जुन्या धोतराचे फडके स्वस्त पडते, पण ओले राहिले की कातडी सोलते. भिजताच बदला, साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा, जांघेत झिंक ऑक्साइडचे मलम लावा. धारवाडच्या पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा जून ते सप्टेंबरात ऑपरेशन असेल तर अंतर्वस्त्रांचे आठ-दहा जोड आधीच घ्या. वापरलेले पॅड कागदात घट्ट गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत वेगळे द्या; संडासात टाकू नका.

बाहेर बराच वेळ जायचे असेल तर कंडोम कॅथेटर हा चांगला पर्याय. माप नीट घ्या, रोज बदला. शिश्नावर लावायचा चिमटा मिळतो. तो दर दोन तासांनी सोडावा लागतो आणि झोपेत कधीही लावायचा नसतो.

खरा उपाय व्यायामाचा, आणि तो फुकट आहे. वारा सरू नये म्हणून जे स्नायू आवळतो तेच आवळायचे. पोट, मांड्या, कुल्ले सैल. पाच मोजेपर्यंत आवळा, पाच मोजेपर्यंत सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा मोजेपर्यंत न्या. ऑपरेशनच्या महिनाभर आधी सुरू करा, नळी असताना बंद ठेवा, नळी निघाली की पुन्हा. खोकण्याआधी, उठण्याआधी आवळायची सवय लावा. लघवी करताना मधेच धार थांबवण्याचा रोजचा सराव करू नका. फिजिओथेरपिस्टकडे एक-दोन बैठका घेऊन योग्य स्नायू आवळतो आहोत ना, एवढे तपासून घ्या. वीस बैठकांचे विजेच्या शेकाचे पॅकेज आगाऊ पैसे भरून घेऊ नका.

चहा-कॉफी दोन कपांवर आणा, संध्याकाळी सातनंतर नको. पाणी मात्र तोडू नका. गडद लघवी मूत्राशयाला आणखी चिडवते. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. तो असेल तर गोळी बदलून मागा. साखर वाढलेली असेल तर आधी ती आटोक्यात आणा, नाहीतर पॅडवरचा खर्च निम्मा वायाच.

फेरतपासणीला जाण्याआधी एक दिवस सगळे ओले पॅड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून, तोला आणि कोऱ्या पॅडचे वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. “थोडी गळते” यापेक्षा “दिवसाला १८० मिली गळते” हे सांगितले तर डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

प्रवास

चिगरीत शौचालय नाही, आणि हुबळी-धारवाड हे बावीस किलोमीटर गर्दीत लांब वाटतात. चढण्याआधी जाऊन या. बेंगळूरु किंवा मुंबईला शक्यतो रेल्वेने जा, बसने नको. खालची बर्थ मागा. हुबळीच्या स्थानकातला सर्वांत लांब फलाट १,५०७ मीटरचा आहे. डबा कुठे लागणार ते आधी पाहा, पॅड बदलून मगच तिकडे चाला.

उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत सवलत मिळते: स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडे माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के. ठरावीक नमुन्यावर हॉस्पिटलच्या डॉक्टरांची सही-शिक्का घ्या आणि तिकीट खिडकीवर द्या. हॉस्पिटल सहसा स्वतःहून हे सांगत नाही.

नंतरच्या तारखा

पीएसए ऑपरेशननंतर सहा ते बारा आठवड्यांनी, पुढे डॉक्टर सांगतील तसा. तो जवळजवळ शून्यावर, ०.१ च्या खाली यायला हवा. ०.२ किंवा त्याहून वर गेला तर तपासणी पुन्हा करून किरणोपचाराबद्दल बोलावे लागते. दर वेळी त्याच प्रयोगशाळेत तपासा, म्हणजे आकडे जुळतात.

काही महिन्यांनी धार पुन्हा बारीक होऊ लागली आणि गळतीही वाढली, तर मूत्राशयाच्या तोंडाशी जोड आकसलेला असू शकतो. दुर्बिणीने पाहून तो रुंद करता येतो. पॅड वाढवत बसू नका.

वर्ष झाले आणि रोज पॅड भिजतो आहे, तर मूत्राशयाचा दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी करून घ्या. कमी-मध्यम गळतीसाठी आधार देणारी जाळीची पट्टी आणि जास्त गळतीला कृत्रिम झडप बसवता येते. झडपेची नुसती किंमतच काही लाखांत जाते आणि ती बसवणारे सर्जन मोजके आहेत, त्यामुळे बेंगळूरु किंवा मुंबईला जाण्याची तयारी ठेवा. झडप बसवली तर खिशात तसे कार्ड ठेवा. ती सैल केल्याशिवाय कोणीही नळी घालता कामा नये.

हे उपाय आहेत हेच अनेकांना माहीत नसते, म्हणून ते वर्षानुवर्षे ओल्या कपड्यांत घरी बसून राहतात. “आता वय झाले, चालायचेच” असे उत्तर डॉक्टरांनी दिले तर ते ऐकून परत येऊ नका. दुसऱ्या युरोलॉजिस्टची वेळ घ्या, वही आणि वजनाचे आकडे घेऊन जा, आणि पुढचा उपाय कोणता, हे स्पष्ट विचारा.